गावच्या स्वयंपाकघरात सुट्या, कोरड्या आणि झटपट परतलेल्या नूडल्स: खरा फरक सॉसचा की आचेचा?

अडाणकाठ

आमचे गाव दारव्हा तालुक्यात आहे. गावातील किराणा दुकानात आता हक्का नूडल्सची पाकिटे, सोया सॉस, चिली सॉस आणि व्हिनेगर हे सर्व मिळते, आणि पानकोबी, गाजर, शिमला मिरची, पातीचा कांदा आठवडी बाजारातून आणता येतो. सामानाची अडचण उरलेली नाही, तरीही तालुक्याच्या गाड्यावरील नूडल्सची ती किंचित धुरकट, कोरडी चव घरी येत नाही. आमच्या घरात यावर दोन तट पडले आहेत. मुलांचे म्हणणे असे की गाडीवाले अजिनोमोटो घालतात आणि आपण घालत नाही, एवढाच फरक आहे. माझे मत असे आहे की फरक आचेत आहे आणि सॉस वाढवल्याने पदार्थ अधिकच बिघडतो.

जाणकारांनी दोन्ही बाजूंनी लिहावे. मला चार माणसांपुरते, वावरातून परतल्यावर अर्ध्या तासाच्या आत होईल असे काही हवे आहे. घरी दोन बर्नरची शेगडी, लोखंडी कढई आणि अंगणात चूल आहे.

चष्मेबहाद्दर

वावरातून आल्यावर अर्ध्या तासात वरण-भातही होतो, हे मुलांना सांगून पाहिले का?

तिखटजाळ

मी वर्धा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी काही वर्षे चायनीजची गाडी चालवली आहे, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो. अडाणकाठ यांचे मत बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे. आच महत्त्वाची आहेच. मात्र गाड्यावर ग्राहकाला जे दिसत नाही ते दुपारचे काम असते. आम्ही नूडल्स दुपारीच उकडून, निथळून, तेल लावून परातींमध्ये पसरून ठेवत असू. संध्याकाळी कढईत पडणाऱ्या नूडल्स थंड आणि वरून कोरड्या असत. घरी लोक काय करतात? गंजातून (पातेल्यातून) काढलेल्या गरम, वाफाळत्या नूडल्स थेट कढईत ओततात. मग तेथे परतणे होत नाही, वाफवणे होते.

चार जणांसाठी दीडशे ग्रॅमची दोन पाकिटे पुरतात. मोठ्या गंजात तीन लिटर पाणी खळखळ उकळू द्यावे, त्यात मीठ घालावे आणि मगच नूडल्स सोडाव्यात. पाकिटावर जी वेळ लिहिलेली असते तिच्या सुमारे एक मिनिट आधी एक तार काढून दातांनी तोडून पाहावी. मध्ये अगदी बारीक कणी जाणवली की गंज उतरवावा, कारण पुढचे शिजणे कढईत होणारच आहे. चाळणीत ओतून वरून भरपूर थंड पाणी सोडावे. या पाण्याने दोन कामे होतात: शिजणे थांबते आणि वरचा पिठाळपणा धुऊन जातो. त्यानंतर चाळणी चांगली झटकून, एक मोठा चमचा तेल चोळून, परातीत पसरून पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटे ठेवाव्यात. तेवढ्यात भाज्या चिरून होतात, त्यामुळे वेळ वाया जात नाही.

आर्वीची_सून

तिखटजाळ दादा, पंखा चालू असेल तर ना! आमच्याकडे संध्याकाळी नेमकी वीज जाते. अशा वेळी स्वच्छ सुती कापडावर नूडल्स पसराव्यात. कापड पाणी शोषून घेते. उन्हाळ्यात शेवया वाळवायला जे धोतर वापरतो, तेच चालते.

कार्यकारणभाव

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे तिखटजाळ यांच्या अनुभवाला थोडा हिशेब जोडतो. एक ग्रॅम पाणी तीस अंशांवरून शंभर अंशांपर्यंत तापवायला सुमारे २९० ज्यूल उष्णता लागते; तेच पाणी शंभर अंशांवर असताना त्याची वाफ करायला आणखी सुमारे २२६० ज्यूल लागतात. म्हणजे खरी उष्णता खाते ते पाण्याचे बाष्पीभवन. घरगुती शेगडीचा मोठा बर्नर साधारण दोन किलोवॅटचा धरला आणि त्यातील साठ टक्के उष्णता कढईपर्यंत पोहोचते असे मानले, तर आपल्या हाती १.२ किलोवॅट उरतात. नूडल्स आणि भाज्यांना मिळून शंभर ग्रॅम पाणी लागलेले असेल, तर केवळ ते उडवून लावण्यातच साडेतीन मिनिटे जातात. तेवढा वेळ कढईतील पदार्थाचे तापमान शंभर अंशांच्या वर जाऊच शकत नाही.

आता चवीकडे येऊ. भाजलेपणाची जी चव आपल्याला हवी असते, ती प्रथिने आणि शर्करा यांच्यात होणाऱ्या मायार अभिक्रियेतून येते, आणि ती अभिक्रिया वेगाने होण्यासाठी साधारण १४० अंशांच्या वरचे तापमान लागते. पाणी असेपर्यंत ते तापमान गाठले जात नाही. चीनच्या दक्षिणेकडील क्वांगतोंग प्रांतातील स्वयंपाकात कढईच्या या धुरकट चवीला फार मान आहे. तेथील उपाहारगृहांचे बर्नर आपल्या घरगुती बर्नरच्या अनेक पटींनी शक्तिशाली असतात. आपल्याला तेवढी आच मिळणार नसेल, तर पाणी कमी करणे आणि एका वेळी कमी माल टाकणे हे दोनच मार्ग उरतात. चार जणांच्या नूडल्स दोन घाण्यांत कराव्यात. पहिल्यांदा एवढे केले तरी फरक जाणवेल.

चष्मेबहाद्दर

गुरुजी, परीक्षेत हा प्रश्न किती गुणांना आहे?

कार्यकारणभाव

पाच गुणांना, आणि एकक लिहिले नाही तर अर्धा गुण कापला जाईल.

तुराटी

मला आश्चर्य वाटते की अडाणकाठ यांनी अंगणात चूल असल्याचे लिहूनही कोणी तिच्याकडे पाहिले नाही. गुरुजींनी जी शक्तिशाली आच सांगितली ती आपल्या घराच्या कुडाशी रचून ठेवलेली असते. बाभळीच्या लाकडाचा निखारा भाकरीसाठी आणि वरणासाठी चांगला. नूडल्सना ज्वाला लागते. त्यासाठी वाळलेल्या तुराट्या, म्हणजे तुरीच्या काड्या, घ्याव्यात. तुराट्या हलक्या आणि कोरड्या असतात, भराभर पेटतात, कढईच्या बुडाला वेढून टाकणारी उंच ज्वाला देतात आणि काही मिनिटांत संपतात. परतायचा पदार्थही तेवढ्याच वेळात होतो. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या काड्या, चालतात, पण त्या थोड्या सावकाश जळतात, आणि फवारणीच्या औषधांमुळे मी स्वतः त्या स्वयंपाकाला वापरत नाही.

बारीक चिरलेले जिन्नस कमी जळणात, जोरदार आचेवर झटकन परतण्याची चिनी पद्धत जळणाच्या टंचाईतून रूढ झाली असे मानले जाते. तेव्हा तुराटीवर नूडल्स करणे म्हणजे कढई तिच्या मूळ घरी नेण्यासारखेच आहे.

कृती अशी: कढई चुलीवर रिकामीच तापू द्यावी, धूर दिसू लागला की तेल घालावे, ते कडेपर्यंत फिरवावे आणि लगेच लसूण टाकावा. सर्व जिन्नस आधी हाताशी मांडलेले असले पाहिजेत; चुलीवर आच कमी करण्याची कळ नसते.

आरोग्यसेविका

तुराटी यांचा उत्साह समजतो, परंतु एक गोष्ट लिहिणे माझे काम आहे. मी उपकेंद्रात काम करते आणि चुलीच्या धुराने खोकणाऱ्या स्त्रिया रोज पाहते. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली ती याच धुरामुळे. आता नूडल्सच्या चवीसाठी घरातील बाईला पुन्हा धुरात बसवू नये. मोकळ्या अंगणात, वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून, पाच मिनिटांसाठी कोणी हौसेने करत असेल तर माझी हरकत नाही. मात्र हौस ज्याची असेल त्यानेच चुलीपुढे बसावे.

तुराटी

ताई, आपले म्हणणे मान्य आहे. आमच्याकडे चुलीपुढे मीच बसतो आणि घरच्या मंडळी खाटेवर बसून सूचना करतात. बंद स्वयंपाकघरात हा प्रयोग कोणीही करू नये, हे मी आधीच लिहायला हवे होते.

आर्वीची_सून

गॅसवरही चांगले होते, एवढे सांगण्यासाठी पुन्हा लिहिते. मी प्रत्येक भाजी वेगळी परतून ताटात काढून ठेवते. आधी फेटलेली अंडी मोठ्या आचेवर घोळवून बाजूला ठेवायची, मग गाजर आणि फरसबी, मग शिमला मिरची, सर्वांत शेवटी पानकोबी. कढई प्रत्येक वेळी पुन्हा तापू द्यायची. शेवटी नूडल्स एकट्या परतायच्या, त्यांना कढईला थोडे चिकटू द्यायचे, सराट्याने खरवडून उलटायचे आणि मग सर्व एकत्र करायचे. भांडी वाढत नाहीत, कारण कढई एकच असते. मीठ मात्र भाज्यांवर आधी घालू नये. पानकोबीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि मीठ पडताच ते बाहेर येते.

नॉनस्टिक भांडे या कामाला घेऊ नये, कारण एवढ्या आचेवर रिकामे तापवल्यास त्याचा लेप खराब होतो. इंडक्शनवर गोल बुडाची कढई बसत नाही. तेथे सपाट बुडाचा लोखंडी तवाच बरा पडतो.

नव्यानेच_आलो

लोखंडी कढईत नूडल्स चिकटून बसतात. त्यावर काय करावे?

तिखटजाळ

नवी कढई असेल तर ती आधी मुरवावी लागते. राख आणि पाण्याने घासून, पूर्ण वाळवून, आतून तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि धूर निघेपर्यंत तापवावी. असे काही वेळा केले की आतून काळी, गुळगुळीत पुटी धरते. त्यानंतर तिला साबण आणि तारेच्या घासणीपासून दूर ठेवावे, आणि धुतल्यावर लगेच आचेवर कोरडी करून तेलाचा हात लावावा. मुरलेल्या कढईत तेल कडक तापलेले असेल आणि नूडल्स थंड, कोरड्या असतील, तर त्या चिकटत नाहीत.

जवसफूल

तेल कोणते घ्यावे, यावर कोणी लिहिले नाही. आमच्या पूर्व विदर्भात जवसाचे तेल अनेक घरांत असते आणि मला ते भाजीत फार आवडते, परंतु या कामाला ते चालत नाही. कमी तापमानालाच धुरकटते आणि कडवट होते. घाण्याचे शेंगदाणा तेलही फार कडक आचेवर लवकर धूर सोडते. या एका पदार्थापुरते रिफाइंड सोयाबीनचे किंवा शेंगदाण्याचे तेल घ्यावे. तेल आपल्याच वावरातील शेंगांचे नसल्याचे थोडे वाईट वाटते, पण चालायचेच.

सोयाबीन_वाला

जवसफूल यांनी तेलाचा विषय काढला म्हणून आमच्या पिकाबद्दल लिहितो. वाशीम, यवतमाळ, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत गेल्या तीन-चार दशकांत सोयाबीनने खरीप व्यापला. दाण्यात साधारण अठरा ते वीस टक्के तेल असते आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने. गिरणीत तेल निघते आणि उरलेली ढेप पशुखाद्यात जाते. आपण सोयाबीन पिकवतो, त्याचे तेल खातो, सोयावडीची भाजी करतो, आणि सोया सॉसची बाटली मात्र लांबच्या कारखान्यातून येते.

खरा सोया सॉस म्हणजे वाफवलेले सोयाबीन आणि भाजलेला गहू यांवर एक विशिष्ट बुरशी वाढवून, ते मिठाच्या पाण्यात कित्येक महिने आंबवून काढलेला रस. स्वस्त सॉस बहुधा तेल काढलेल्या सोया पिठावर आम्लाची प्रक्रिया करून काही दिवसांत बनवतात आणि कॅरॅमलने रंग देतात. बाटलीच्या मागील घटकांची यादी वाचावी. यादीत सोयाबीन, गहू, मीठ, पाणी असे साधे शब्द आधी आले आणि आंबवल्याचा उल्लेख असला तर तो सॉस घ्यावा. थोडा महाग असतो, पण एका वेळी दोन चमचेच लागतात.

एक सूचना अशी की सोयावडी कोमट पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, आधी थोड्या तेलात कडक परतून घेतली तर नूडल्समध्ये पनीरपेक्षा चांगली लागते. पिळण्यात कसूर केली तर गुरुजींचे शंभर ग्रॅम पाणी तिच्यातूनच येते.

अडाणकाठ

सर्वांचे आभार. अजिनोमोटोबद्दल मात्र अजून कोणी लिहिले नाही आणि मुले तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत आहेत. सॉसचे प्रमाणही कोणी द्यावे.

टांगरा_ते_तुमसर

नोकरीमुळे मी काही वर्षे कोलकात्यात होतो, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी देतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तोंग अच्यू नावाचा चिनी व्यापारी कोलकात्याजवळ हुगळीकाठी साखरेचा कारखाना काढून राहिला. त्याच्या नावावरून त्या गावाला आजही अचिपूर म्हणतात. पुढे आलेल्या चिनी लोकांमध्ये हक्का समाजाची संख्या मोठी होती. टांगरा भागात त्यांचे कातडी कमावण्याचे कारखाने होते आणि तेथेच त्यांची उपाहारगृहेही वाढली. आपण ज्याला चायनीज म्हणतो, ते बहुतांशी याच लोकांनी भारतीय जिभेसाठी घडवलेले अन्न आहे. चिकन मंचुरियनचे श्रेय नेल्सन वांग यांना दिले जाते. त्यांनी ते १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात केले असे सांगतात, आणि त्यांचा जन्मही कोलकात्याचाच. तेव्हा आपल्या गाड्यावरील नूडल्स चीनमधल्यासारख्या नाहीत, याचे दुःख करू नये.

आता अजिनोमोटो. हे एका जपानी कंपनीचे नाव आहे. पदार्थाचे नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या रसातून ही चव ओळखली. ग्लुटामेट पिकलेल्या टमाट्यात आणि अळिंबीतही असते. अमेरिकेत १९६८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रानंतर चिनी जेवणाने डोके दुखते, छातीत धडधडते अशी समजूत पसरली, परंतु पुढील नियंत्रित चाचण्यांमध्ये नेहमीच्या प्रमाणात असा परिणाम सातत्याने दिसला नाही. चिमूटभर घातल्याने अनर्थ होणार नाही, आणि न घातल्याने गाड्यावरील धुरकट चव हरवणारही नाही, कारण ती त्यातून येतच नाही. सोया सॉसमध्ये ग्लुटामेट आधीपासून भरपूर असते. मुलांना एवढेच सांगावे.

आरोग्यसेविका

टांगरा_ते_तुमसर यांनी लिहिले ते योग्य आहे. माझी चिंता अजिनोमोटोपेक्षा मिठाची आहे. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमहून अधिक मीठ असते, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्याचा सल्ला देते. उकळताना मीठ, भाजीत मीठ, सॉसमध्ये मीठ आणि वरून मसाल्याची पुडी असे केले तर रक्तदाबाच्या रुग्णाला ते ताट देऊ नये.

दुसरी गोष्ट अधिक तातडीची आहे. तिखटजाळ यांनी दुपारी उकडून संध्याकाळी परतण्याची जी पद्धत सांगितली, ती उन्हाळ्यात घरी करू नये. शिजवलेला भात किंवा नूडल्स उष्ण हवेत तासन्‌तास राहिल्या तर त्यांत बॅसिलस सीरियस नावाचे जिवाणू वाढतात. त्यांचे बीजाणू उकळण्याने मरत नाहीत, आणि त्यांनी तयार केलेले उलटी आणणारे विष पुन्हा परतल्यानेही नष्ट होत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीस अंशांना टेकतो आणि फ्रीजला वीज असेलच असे नाही. उकडल्यापासून तासाभरात परतून खाव्यात आणि उरवू नयेत.

तिखटजाळ

ताईंचे म्हणणे मी मान्य करतो. आम्ही उन्हाळ्यात बर्फाच्या पेटीवर परात ठेवत असू, पण सर्वच गाडीवाले ठेवतात असे म्हणणार नाही. घरी पंधरा-वीस मिनिटांचे वाळवणे पुरेसे आहे.

सॉसचे प्रमाण विचारले होते. दोन पाकिटांसाठी सोया सॉस दीड ते दोन मोठे चमचे, चिली सॉस एक मोठा चमचा, व्हिनेगर दोन लहान चमचे, मिऱ्याची भरड अर्धा लहान चमचा आणि साखर चिमूटभर. हे सर्व वाटीत आधीच एकत्र करावे म्हणजे कढईपुढे बाटल्या उघडत बसावे लागत नाही. वाटीतील मिश्रण नूडल्सवर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडावे. तेथे ते चरचरून क्षणात आटते, आणि गाड्याजवळून जाताना जो वास येतो तो बराचसा याचाच असतो. वेगळे मीठ चव घेऊन मगच. टमाटा सॉस मी घालत नाही. रंग तर मुळीच घालू नये. त्याने चवीत काही भर पडत नाही.

लसूण दहा-बारा पाकळ्या ठेचून घ्यावा, आले त्याच्या निम्मे. पातीच्या कांद्याचा पांढरा भाग लसणाबरोबर आणि हिरवा भाग कढई उतरवल्यावर.

भिवापुरी

विकतचा चिली सॉस कशाला? भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि आपण गोड, चिकट लाल सॉसची बाटली आणतो. वाळलेल्या मिरच्या बिया काढून गरम पाण्यात भिजवाव्यात, लसूण, मीठ आणि थोडे व्हिनेगर घालून पाट्यावर वाटाव्यात, आणि तेलात मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परताव्यात. काचेच्या बरणीत, वर तेलाचा थर ठेवून, फ्रीजमध्ये पंधरवडाभर चांगले राहते.

चष्मेबहाद्दर

त्यात खसखस, सुके खोबरे आणि कलमी घातली की सावजी नूडल्स तयार. मंचुरियनऐवजी पाटोडी सोडावी.

भिवापुरी

आपण विनोद केला आहे, पण हे मी खाल्ले आहे. भाजलेल्या मसाल्याची भरड नूडल्सना धरून बसते आणि तोंडात कोरडी लागते. सावजी रस्स्याला भाकरी किंवा पोळीच हवी. आणखी एक, गावरान कोंबडी या पदार्थाला चालत नाही, कारण तिचे मांस दोन-तीन मिनिटांच्या परतण्यात शिजत नाही. बॉयलरच्या छातीच्या पातळ पट्ट्या कॉर्नफ्लॉवर, थोडे अंड्याचे पांढरे आणि सोया सॉस यांत काही वेळ मुरवून आधी वेगळ्या परताव्यात. त्या मऊ राहतात.

ज्वारीचे_कणीस

मैद्याच्या पाकिटांना आपला पर्याय आहे का, असे विचारावेसे वाटते. चीनमधील लाजिया या उत्खननस्थळी सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या नूडल्स सापडल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले होते, आणि त्या राळ्यासारख्या भरड धान्याच्या होत्या असे संशोधकांनी म्हटले होते. भरड धान्याच्या पिठातून एवढ्या लांब तारा कशा ओढल्या असतील, यावर पुढे वादही झाला. माझ्या ज्वारीच्या नूडल्स मात्र उकडताना तुटतात.

बाजेवरचे_यंत्र

ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसते, म्हणून तार धरत नाही. निम्मे गव्हाचे पीठ मिसळावे लागते. त्यापेक्षा आपल्या शेवयांकडे वळावे. बन्सी गव्हाचा बारीक रवा आणि पीठ घट्ट भिजवून, बाजेला बसवलेल्या शेवयांच्या यंत्रातून जाड भोकांच्या चकतीने काढले, की चांगल्या नूडल्स होतात. अर्धा किलो पिठाला अर्धा लहान चमचा पापडखार आणि थोडे मीठ घालावे. चिनी पद्धतीच्या पिवळसर नूडल्समध्येही क्षारच घालतात. त्याने तार लवचीक होते आणि पिठाला आपोआप पिवळी झाक येते. पापडखार जास्त झाला तर साबणासारखी चव लागते, एवढे सांभाळावे. वाळवलेल्या शेवया उकडण्यापूर्वी कोरड्या भाजून घेतल्या तर आणखी सुट्या होतात.

सरगुंडेही करून पाहावेत. आमरसाबरोबर खाण्याची आपली सवय असली, तरी पोकळ असल्याने ते सॉस आत धरतात. आमच्याकडे आखाजीचे उरलेले सरगुंडे आता याच मार्गाने संपतात, आणि आईला हे अजिबात मान्य नाही.

आर्वीची_सून

आपल्या आईंच्या बाजूने माझे एक मत नोंदवावे. सरगुंडे करायला काड्यांवर पीठ गुंडाळत दुपार जाते. त्यावर सोया सॉस ओतायचा असेल तर ज्याने ओतला त्याने पुढच्या वर्षी काड्या हाती घ्याव्यात.

मोहझड

आम्ही गडचिरोलीकडचे. पावसाळ्यात सात्या (रानातील अळिंबी) निघतात तेव्हा त्या फाडून, कडक परतून नूडल्समध्ये घालतो. टांगरा_ते_तुमसर यांनी अळिंबीतील ग्लुटामेटचे लिहिले आहे, त्यामुळे आता त्या एवढ्या चवदार का लागतात ते समजले. मात्र ओळख पक्की असलेल्या माणसाने आणलेल्याच खाव्यात; दिसायला सारख्या असणाऱ्या काही जाती विषारी असतात. वर्षाच्या इतर दिवसांत धिंगरी अळिंबी चालते.

अडाणकाठ

काल संध्याकाळी केले. नूडल्स धोतरावर वाळवल्या, भाज्या आर्वीची_सून यांच्या पद्धतीने वेगळ्या परतल्या, पहिला घाणा गॅसवर आणि दुसरा अंगणात तुराट्यांवर केला. अजिनोमोटो कशातही घातले नाही. गॅसवरच्या नूडल्स सुट्या आणि चांगल्या झाल्या. तुराट्यांवरच्या नूडल्सना मात्र ती चव आली, आणि मुलांनी दोन्ही ताटे समोर ठेवून दुसरे आधी संपवले. पानकोबी दोन्हींत करकरीत राहिली.

दोन शंका उरल्या आहेत. तुराट्यांची ज्वाला मध्येच बसली तेव्हा कढई थंड झाली. एका घाण्याला साधारण किती तुराट्या हाताशी ठेवाव्यात? आणि उन्हाळ्यात पातीचा कांदा मिळत नाही, तेव्हा त्याऐवजी काय घालावे? सांबार (कोथिंबीर) घातला तर वास वेगळाच येतो.

तुराटी

दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढी एक पेंडी कढई तापवायला आणि तेवढीच दुसरी परतायला. तुकडे वीतभर लांबीचे मोडून ठेवावेत आणि एकदम न कोंबता दोन-दोन सरकवत राहावे. यासाठी दुसरे माणूस लागते. परतणाऱ्याने जाळाकडे पाहू नये. पावसाळ्यात ओल धरलेल्या तुराट्या मुळीच घेऊ नयेत, त्या फक्त धूर देतात आणि मग आरोग्यसेविका ताई मला पुन्हा बोलतील.

तिखटजाळ

पातीच्या कांद्याऐवजी साधा कांदा उभा, जाड चिरून अगदी शेवटी घालावा आणि अर्धा मिनिटच परतावा. लसणाची कोवळी पात मिळाली तर उत्तमच. परसात चार पाकळ्या खोचून, रोज पाणी घातले तर थोडीफार निघते. सांबार नको.